चौबळांची नोकरी परदेशी गेली

माणसं नोकरीसाठी परदेशी जातात, त्यात नवल काही नाही. मुरलीधर चौबळही अकरा वर्षांपूर्वी तसेच ठाण्याहून आखातातल्या फुजैराला आले होते. पण २००४ साल संपता संपता त्यांच्यावर आलेला प्रसंग जरा निराळा होता. चौबळ जागच्या जागी राहिले आणि त्यांची नोकरीच परदेशी निघून गेली.

ती गेली चितगावला. फुजैरात डोंगर आणि बंदर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत नीलपंख अपॅरल्स नावाचा कारखाना होता आणि तिथे अमेरिकन लोकांच्या पँटी शिवल्या जात. कुठल्या देशाने अमेरिकेला किती कपडे विकायचे याचा कोटा ठरलेला असे, आणि इथला कोटा शिल्लक होता, म्हणून तर मनसुखानी शेठ या उजाड डोंगराखाली पँटी शिवत बसले होते. नव्या वर्षापासून कोट्याची ती भानगडच संपणार होती. ज्याला जिथे स्वस्त पडेल तिथे त्याने शिवावं. शेठना चितगावला स्वस्त पडत होतं. त्यांनी सगळ्यांना कटिंगच्या टेबलांपाशी गोळा केलं आणि भाषण केलं. "कंपनी बंद नहीं हो रही. कंपनी बढ़ रही है. सिर्फ़ यहाँ नहीं बढ़ रही."

मागोमाग नोटिसा वाटल्या. हिशोब चुकता करायचं काय, घरी जायच्या तिकिटांचं काय, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा शेठ म्हणाले, "इन्शाल्ला." हा शब्द फार पवित्र आहे. पण सिंधी शेठच्या तोंडून तो ऐकला, की आखातातला जुना माणूस आपली बॅग भरायला घेतो.

नोकरी गेल्याचं चौबळांना दुःख होतंच. पण ते असिस्टंट प्रॉडक्शन मॅनेजर होते. छप्पर तापून हॉलची भट्टी झाली तरी गळ्यातला टाय त्यांनी कधी सैल केला नव्हता. अशा माणसाला शिलाईवाल्या बायकांच्या रांगेत उभं राहून नोटीस घ्यावी लागली. त्यांच्या पुढे सोलापूरची नर्मदा होती, मागे हैदराबादची खैरुन्निसा. नर्मदाने वळून सहानुभूतीने विचारलं, "साहेब, तुमालाबी?" हा 'बी' चौबळांच्या काळजात सुईसारखा रुतला.

घरी परिस्थिती अशी, की व्हिसा कंपनीचा. कंपनी गेली की महिन्याभरात देश सोडायचा. मुलगी काव्या दहावीला, बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. बायको सुजाता तिथल्याच इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायची. ती शांतपणे म्हणाली, "अहो, आधी नीट विचार करू." पण विचार करायला सवड मिळायला हवी ना! बातमी बिल्डिंगभर झाली होती आणि शेजारी सल्ले घेऊन जिना चढायला लागले होते.

पहिला आला जेरार्ड. हा वसईचा, खालच्या मजल्यावर राहायचा आणि बीचवरच्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला होता. जगातल्या प्रत्येक विषयावर त्याचा एक तरी नातेवाईक असायचा.

"मुरली, तू सरकारकडे मागितलंस का?"

"काय मागायचं?"

"मदत! माझा मेहुणा नेल्सन अमेरिकेत पँटींच्या कारखान्यात होता. मालकाने कारखाना उचलला नि बाहेरच्या देशात नेला. मग काय, सरकारनं नेल्सनला घरबसल्या भत्ता दिला, कॉम्प्युटर शिकवला, वर नवी नोकरी शोधायला फिरायचा खर्च! कायदाच आहे तिकडे. नोकरी परदेशी गेली ना, तर सरकार बघतं."

"कधीची गोष्ट?"

"झाली सात-आठ वर्षं."

चौबळांच्या मनात पाल चुकचुकली. "आणि तो कारखाना कुठल्या देशात नेला?"

जेरार्ड जरा घुटमळला. "गल्फमध्येच कुठेतरी म्हणाला होता."

चौबळांनी बोटांवर वर्षं मोजली. नीलपंखने नेमक्या त्याच सुमारास शिलाईच्या चार नव्या लाइनी टाकल्या होत्या आणि चौबळांना प्रमोशन मिळालं होतं.

"म्हणजे तुझ्या मेहुण्याची नोकरी मी खाल्ली?" चौबळ म्हणाले.

"एकट्याने नाही रे. पण एखादा घास गेला असेल," जेरार्ड मोठ्या मनाने म्हणाला. "त्याचं तर बरंच झालं. आता तो बँकेत आहे. तुझंही होईल. अमेरिकेचं सरकार कर्जात बुडालेलं, तरी देतं. इथलं सरकार तर श्रीमंत आहे! फक्त कुणीतरी जाऊन मागायला पाहिजे."

या युक्तिवादात खोट काढता येण्यासारखं पुष्कळ होतं. पण नोकरी गेलेल्या माणसाची बुद्धी नोकरीच्या आधीच राजीनामा देते. जेरार्डची बायको कॉन्सेप्टा वर आली, ती सरळ तयारीलाच लागली. ती जहाजांना तेल भरणाऱ्या कंपनीत अकाउंट्सला होती आणि सरकारी ऑफिसांतून तिचं जाणं-येणं असे. "भावजी, पडेल चेहऱ्याने गेलात तर बाहेरच्या बाकावर बसवतील. सूट घालून जा. सूट बघितला की चहा येतो."

चौबळांकडे सूट नव्हता. म्हणून जेरार्डने आपला हॉटेलचा गडद निळा ब्लेझर आणून दिला. सोनेरी बटणं आणि खिशावर जरीने काढलेला मासा. बाह्या दोन बोटं लांब होत्या, पण जेरार्ड म्हणाला, की त्यामुळे रुबाबच येतो. अरबी एकच शब्द पाठ करायचा ठरलं, 'मुसाअदा', म्हणजे मदत. चौबळ तो घरभर घोकत फिरले, तेव्हा शाळेत अरबी शिकणारी काव्या पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, यू साउंड लाइक यू आर स्नीझिंग."

सकाळी ब्लेझर घालून, केसांना तेल लावून आणि हातात रिकामी ब्रीफकेस घेऊन चौबळ कामगारांच्या कारभाराचं जे सरकारी ऑफिस होतं तिथे पोचले. बाहेरच्या बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. कॉन्सेप्टाचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. शिपायाने मासा बघितला, बटणं बघितली आणि दार उघडून त्यांना थेट मोठ्या साहेबांसमोर नेऊन बसवलं. साहेब पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यातले, करड्या दाढीचे, हसऱ्या डोळ्यांचे गृहस्थ. खजूर पुढे आला, कडू अरबी कॉफी, म्हणजे गाहवा, पुढे आला. साहेबांना कामापुरती हिंदी येत होती.

"तुम नीलपंख कंपनी?"

"हाँ जी, नीलपंख कंपनी," चौबळ म्हणाले. ते नीलपंखमध्येच होते, त्यामुळे यात खोटं काही नव्हतं.

"फॅक्टरी खलास?"

"खलास. इसलिए आया. मुसाअदा."

साहेब पुढे झुकले. "मुसाअदा? किसका? कितना नफर?"

किती माणसांसाठी? इथे चौबळांची पंचाईत झाली. समोर खजूर, अंगावर सोनेरी बटणं, आणि 'साहेब, माझ्या एकट्यासाठी' असं म्हणायचं? एकट्यासाठी मागितली तर ती भीक. अडीचशे लोकांसाठी मागितलं तर ते नेतृत्व. चौबळांनी टाय सारखा केला.

"ढाई सौ. सब नफर का."

"सब का टिकट? सब का हिसाब?"

"सब का," चौबळ निर्धाराने म्हणाले. मागायचंच तर कमी कशाला?

साहेब चक्क खुर्चीवरून उठले. "माशाल्ला! दूसरा कंपनी भाग जाता है, हम पीछे जाता है. तुम खुद आया! मैं कल फॅक्टरी आएगा." आणि त्यांनी चौबळांचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला.

सरकारचं हृदय इतकं विशाल असेल, असं चौबळांना वाटलं नव्हतं. घरी येताना वाटेतच त्यांनी कारखान्याच्या हॉस्टेलवर गाडी थांबवली आणि जमलेल्या बायकांना आपल्या शिष्टाईचा वृत्तान्त सांगितला. उद्या सरकार स्वतः येणार आणि सगळ्यांचं सगळं देणार. नर्मदाने ते हिंदीत सांगितलं, खैरुन्निसाने पुढे आणखी कुणाला सांगितलं आणि एकच गलका झाला. जेरार्डने त्या आनंदात सुरमई आणली. "वीस दिरहॅम किलो! म्हणजे दोनशे चाळीस रुपये! पण आज बघायचं नाही," असं म्हणत त्याने दोन किलो घेतली. कॉन्सेप्टाने कालवण केलं. सुजाताने फक्त एकच प्रश्न विचारला.

"अहो, पण सरकार देणार म्हणाले, की तुम्ही देणार असं म्हणाले?"

"तू गणितात शंका काढ," चौबळ म्हणाले, "व्यवहार मला कळतो."

दुसऱ्या दिवशी साहेब दोन मदतनिसांसह कारखान्यात हजर झाले. तिथे वेगळीच गडबड चालू होती. शिलाईची यंत्रं पाटांवरून उखडून कंटेनरमध्ये भरली जात होती आणि मनसुखानी शेठ जातीने उभे राहून घाई करत होते. यंत्रं बंदरात गेली, की शेठही विमानतळावर जाणार, हे लोडिंगवाल्या पठाणांनासुद्धा ठाऊक होतं. साहेबांनी कंटेनर बघितले आणि गोड आवाजात विचारलं, "वो तुम्हारा बडा आदमी किधर? मछलीवाला कोट? कल बोला, कंपनी सब का टिकट, सब का हिसाब देगा."

शेठचा चेहरा कसा झाला, ते लिहिण्यासारखं नाही. साहेबांना चहाला बसवून त्यांनी चौबळांना केबिनमध्ये ओढलं आणि दार लावलं.

तिथे, शेठच्या तोंडून, चौबळांना पहिल्यांदा कळलं की काल काय घडलं होतं. ते मदत मागायला गेले नव्हते. ते मदत जाहीर करून आले होते.

"शेठजी, गलतफहमी..." चौबळ म्हणाले.

"तो यही बाहर जाकर बोलो!" शेठ म्हणाले. मग एकदम आवाज मऊ झाला. "मुरली, मैं तो तुम्हें चितगाँव में मॅनेजर बनानेवाला था. पूरा मॅनेजर. असिस्टंट नहीं. सिर्फ़ इतना बोल दो, कि तुम्हारी अरबी कमज़ोर है."

पूरा मॅनेजर! इतकी वर्षं ज्या 'असिस्टंट'ला चौबळ व्हिजिटिंग कार्डावर बारीक अक्षरांत छापून घेत आले होते, तो एका वाक्यात गळून पडत होता. शिवाय वाक्यही खरं होतं. त्यांची अरबी खरोखरच कमजोर होती. खरं बोलून बढती मिळण्याचे योग आयुष्यात किती येतात? चौबळांनी मान डोलावली आणि दार उघडलं.

हॉलमध्ये अडीचशे जणी उभ्या होत्या. बहुतेकींनी चांगले कपडे घातले होते, जणू कुणाचं लग्न असावं. नर्मदाने तर जरीकाठी साडी नेसून केसांत प्लॅस्टिकचा गजरा माळला होता. चौबळ दिसताच ती पुढे आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "साहेब, फोन केलता घरी. पोरीला म्हनलं, तुजी आई हात हलवत येत न्हाई बग."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "यल्ला, बोलो. कल तुम बोला, सब का. बराबर?"

सगळे थांबले. लोडिंगवाले पठाणसुद्धा यंत्र खांद्यावर घेऊन थांबले. शेठ डोळ्यांनी 'कमजोर, कमजोर' असं सुचवत होते. चौबळांनी तोंड उघडलं. आता त्यांना एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, मी तुमच्याकडे मागायला आलो होतो. आणि हे वाक्य जरीकाठी साडीसमोर, दोन बोटं लांब बाह्यांच्या आणि उसन्या माशाच्या साक्षीने म्हणायचं होतं. ते काही केल्या जिभेवर येईना.

"अरबी कमज़ोर है," ते म्हणाले. शेठच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "लेकिन कल मैंने हिंदी में बोला था. सब का."

इतिहासातली किती शौर्यं नुसत्या लाजेपोटी घडली असतील, याचा कुणीतरी एकदा हिशोब करायला हवा. बायकांनी टाळ्या वाजवल्या, साहेब "माशाल्ला" म्हणाले आणि शेठ खुर्चीत बसले. साहेबांनी मोबाइल काढून कुणाशी तरी अरबीत दोन मिनिटं गप्पा मारल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी शेठना प्रेमाने सांगितलं, की सगळ्यांचा हिशोब होईपर्यंत कंटेनर इथेच छान उभे राहतील. आणि या कामावर देखरेख कोण करणार? अर्थात मिस्टर मुरली.

पुढचे दिवस चौबळांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. शेठ त्यांच्याशी बोलत नव्हते, पण सह्या करत होते, कारण बंदरात रिकामं जहाज वाट बघत होतं. बायका मात्र सारख्या बोलत होत्या. एकीचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत होता आणि तिजोरीची किल्ली चितगावला. एकीला तिकीट हैदराबादचं मिळालं, जायचं होतं कोलंबोला. खैरुन्निसाने घरी न्यायला शिलाई मशीनच घेतलं होतं आणि ते हँडबॅग म्हणून चालेल का, असं ती तीन वेगवेगळ्या पद्धतींनी विचारून गेली. प्रत्येकीची बॅग चौबळांच्या घरच्या वजनकाट्यावर तोलली जात होती. बैठकीच्या खोलीत गाद्यांएवढाली ब्लँकेटं येऊन पडली. काव्या त्या ढिगावर बसून अभ्यास करायची. "इट्स फाइन, बाबा," ती म्हणाली, "इट्स मोअर कम्फर्टेबल दॅन अवर सोफा."

बिल्डिंगमध्ये चौबळांची कीर्ती पसरली ती निराळ्याच स्वरूपात. त्यांची सरकारात वरपर्यंत ओळख आहे, असं सर्वांचं मत पडलं. समोरच्या मल्याळी गृहस्थांनी गीझरचा प्रश्न त्यांच्याकडे आणला. टॅक्सीवाल्या गुलखानने लग्न जमवण्याबद्दल विचारलं. जेरार्ड मात्र चेहरा पाडून आला. ब्लेझरशिवाय ड्यूटीवर उभा राहिला म्हणून त्याला मॅनेजरने सुनावलं होतं.

"मग घेऊन जा ना आता," चौबळ म्हणाले.

"कसा नेऊ? साहेब तुला त्याच्यावरूनच ओळखतात!"

असं करत करत सगळं झालं. साहेबांच्या ऑफिसने पाठवलेल्या बसमधून बायका विमानतळाकडे निघाल्या. शेवटच्या तुकडीत नर्मदा होती. सगळ्या चढल्यावर, साहेबांच्या समोरच, चौबळांनी घसा खाकरून विषय काढला. "साहब, एक नफर बाकी है."

"कौन?"

"मैं."

शेठना हा क्षण देवाने दिल्यासारखा वाटला. ते पुढे झाले. "साहब, ये तो मॅनेजमेंट है! ये खुद कंपनी है. कंपनी का हिसाब कौन देगा?"

साहेबांना ते पटल्यासारखं दिसलं. त्यांनी चौबळांचं लेबर कार्ड मागितलं. ते कार्ड चौबळांनी अकरा वर्षांत बायकोलाही नीटसं दाखवलं नव्हतं. मॅनेजरचा व्हिसा महाग पडतो, म्हणून शेठनी सुरुवातीला त्यांना ज्या स्वस्तातल्या व्हिसावर आणलं होतं, त्याचाच हुद्दा कार्डावर लिहिलेला होता. साहेबांनी तो वाचला, मग पुन्हा वाचला.

"खय्यात?" ते म्हणाले. "तुम टेलर?"

बसच्या खिडक्यांतून एका क्षणात पंचवीस डोकी बाहेर आली. चौबळ बुटांकडे बघत राहिले. टायची गाठ त्यांना पहिल्यांदाच आवळल्यासारखी वाटली.

"अगं बाई!" नर्मदा खिडकीतून ओरडली. "साहेब, अकरा वर्सं आमच्यातलेच हुता, आन् आमच्याच शिलाईत खोट काढून, आल्टर म्हनून पँटी परत पाठवत हुता व्हय?"

बस हसली. साहेब हसले. शेवटी चौबळही कसंबसं हसले, कारण टेलर म्हणजे कामगार, आणि कामगार म्हणजे हिशोब. शेठना त्यावरही सही करावी लागली. बस वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत नर्मदा हात हलवत होती. अडीचशे माणसांना घरी पोचवणारे चौबळ एका टेलरच्या हिशोबाचा चेक खिशात घालून चालत घरी आले. कंटेनर चितगावला गेले. मॅनेजरची जागा तिथे कुणीतरी भरली असेलच.

राहता राहिला व्हिसा. त्याचा तोडगा सुजाताने आधीच काढून ठेवला होता. फक्त चौबळांची देखरेख संपेपर्यंत ती थांबली होती. शिक्षिका असल्यामुळे शाळेच्या व्हिसावर तिला नवऱ्याला स्पॉन्सर करता येत होतं, म्हणजे त्याचा व्हिसा आपल्या जबाबदारीवर काढता येत होता. साहेबांनी आपण होऊन एक फोन केला आणि काम लवकर मार्गी लागलं. सरकारी मदत म्हणतात ती चौबळांना मिळाली ती अशी. सरकारने त्यांना रीतसर बायकोच्या हवाली केलं.

व्हिसाच्या खिडकीवर त्या दिवशी दोघं शेजारी शेजारी उभी राहिली. आतल्या तरुणीने सुजाताला एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. चौबळांकडे ती बघतही नव्हती.

"ये आपका हज़्बंड?"

"हो. हाँ."

"इसका खाना, रहना, सब आपका ज़िम्मा?"

"हाँ."

"ये काम नहीं करेगा?"

"अभी तो नहीं," सुजाता म्हणाली. तिने त्यांच्याकडे बघितलं. चौबळ साध्या शर्टात होते, टाय नव्हता. गेल्या कित्येक दिवसांत ते नीट झोपले नव्हते. मग तिने खिडकीकडे तोंड करून, ठासून, शाळेतल्या आवाजात सांगितलं, "इन्होंने अडीचशे लोगों का काम किया है. थोडा आराम करेंगे."

तरुणीला यात रस नव्हता. तिने शिक्का उचलला. "बीवी का स्पॉन्सर में एक साल का व्हिसा मिलता है, मॅडम. हर साल आने का, रिन्यू करने का. मर्ज़ी नहीं तो नहीं करने का."

सुजाताने पासपोर्ट हातात घेतला, शिक्क्यावरची शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि मग चौबळांना म्हणाली,

"बरं आहे की हे. लग्नाच्या वेळी अशी सोय नव्हती."